जमाखर्च कोणाच्या घरी?

शाळा सुटण्याच्या आधी कारकून रोजमेळाची वही माझ्या टेबलावर आणून ठेवतो. आरंभीची शिल्लक, दिवसाची जमा, दिवसाचा खर्च, अखेरची शिल्लक. तिजोरीतली रोकड मोजून आकडा जुळला की मी सही करतो. ही वही शाळेच्या दाराबाहेर जात नाही. तपासणी अधिकारी येतात ते शाळेत येतात, ऑडिटर बसतात ते आमच्या कार्यालयात बसतात. एकदा एक नवा कारकून म्हणाला, “सर, आज काम राहिलंय, वही घरी नेऊन पुरी करतो.” त्याला मी जे सुनावले ते त्याच्या अजून लक्षात असेल. पाच-दहा हजारांची उलाढाल असो की पाच-दहा रुपयांची, दफ्तर जागचे हलत नाही, हा नियम मी इतकी वर्षे पाळला आहे आणि इतरांकडून पाळून घेतला आहे.

आणि हाच मी चार वर्षे माझ्या स्वतःच्या घरचा जमाखर्च अशा माणसांच्या हाती देऊन बसलो होतो, ज्यांचे नाव, गाव, दार यांपैकी काहीच मला ठाऊक नव्हते.

गोष्ट साधीच आहे. २०१९ च्या सुमारास स्टाफरूममध्ये एका तरुण शिक्षकाने मोबाइलवर एक ॲप दाखवले. घरखर्च आपोआप लिहून घेणारे, आणि तेही फुकट. फक्त एकदा परवानगी द्यायची, बँकेचे जे संदेश फोनवर येतात ते वाचण्याची. मी दिली. अर्थशास्त्रात एम. ए. केलेला माणूस ‘फुकट’ या शब्दापाशी तरी थबकायला हवा होता, नाही थबकलो. सोय खरोखर होती. महिन्याच्या अखेरीला रंगीत चकती दिसे: इतका किराणा, इतके पेट्रोल, इतके औषधपाणी. मी चकती सौ.ला दाखवी आणि आपण फार शिस्तीचे गृहस्थ आहोत असे मानून झोपी जाई.

२०२२ साली सौ.चे ऑपरेशन झाले. पैसे तीन हप्त्यांत भरले, त्यातला एक ठेव मोडून. त्या आठवड्यापासून मला फोन येऊ लागले. कोणी वैयक्तिक कर्ज देऊ करी, कोणी आजारपणाचा विमा, आणि एका बाईंनी तर “सर, सध्या तुम्हाला पैशांची अडचण असेल” अशीच सुरुवात केली. या फोनांचा आणि त्या ॲपचा संबंध होता, असा पुरावा माझ्याकडे नाही आणि तसा आरोपही मी करत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. संबंध होता की नव्हता, हे मला शोधून काढता येत नव्हते. शाळेच्या रोजमेळात खाडाखोड झाली तर ती कोणाच्या हातची हे मी दहा मिनिटांत सांगेन. घरच्या रोजमेळाचे पान कोणी कोणी उलटले हे विचारायला मला जागाच नव्हती.

पुढे २०२३ साली ते ॲप बंद झाले. एक इंग्रजी पत्र आले: आपल्या सहवासाबद्दल आभारी आहोत, अमुक तारखेपर्यंत आपली माहिती उतरवून घ्यावी. उतरवून घेतली. फाइलीत तारखा होत्या, रकमा होत्या. मी चार वर्षे बसून लावलेली खात्यांची नावे मात्र गळून पडली होती. ‘ताईच्या मुलाच्या मुंजीचा आहेर’ या नोंदीच्या जागी ‘इतर’ असे राहिले होते. आणि अशी ती एकटीच नोंद नव्हती.

हे माझ्यापुरते घडले असते तर छापायला दिले नसते. अमेरिकेत मिंट नावाची अशीच फुकट सेवा होती. इंट्युइट कंपनीने ती २००९ मध्ये विकत घेतली आणि मार्च २०२४ मध्ये बंद केली. वापरणाऱ्यांना त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेवेकडे जायला सांगितले, जिचा मुख्य धंदा कर्जे आणि क्रेडिट कार्डे सुचवण्याचा आहे. तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षे लिहिलेला जमाखर्च एका निर्णयाने बिऱ्हाड बदलून गेला. बिऱ्हाड म्हणतो, कारण ते घर त्यांचे कधी नव्हतेच.

आता माझ्या गोत्रीच्या घरात, हॉलमधल्या कपाटावर, इंटरनेटच्या डबीशेजारी दोन शंभरपानी वह्यांएवढे एक यंत्र आहे. चिरंजीवांच्या कचेरीने मोडीत काढलेला छोटा संगणक. त्यावर फायरफ्लाय थ्री नावाची प्रणाली चालते. जेम्स कोल या डच प्रोग्रामरने ती मुख्यतः लिहिली आणि सर्वांना खुली केली. तिला पैसे पडत नाहीत, तिचा आतला मजकूर कोणालाही तपासता येतो, आणि आपण मुद्दाम सांगितल्याखेरीज ती बाहेरच्या कोणाशी बोलत नाही. सर्व्हर हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही. घरातला एक संगणक चोवीस तास चालू ठेवायचा आणि घरातल्या इतर फोनांनी, संगणकांनी त्याच्याकडे जाऊन वही उघडायची, इतकाच त्याचा अर्थ. बाहेरच्या जगाला त्या यंत्राकडे येण्याची वाट मी ठेवलेलीच नाही. भाजीवाल्यापाशी उभा राहून खर्च लिहिण्याची माझी हौस नाही. घरी आल्यावर लिहितो.

प्रणालीचा पाया दुहेरी नोंदीचा आहे. पैसा कुठून निघाला आणि कुठे पोचला, दोन्ही टोके सांगितल्याशिवाय ती नोंद घेत नाही. नावे आणि जमा. आपल्या जुन्या कारकुनांना हे शिकवावे लागले नसते. महिन्यातून एकदा बँकेच्या संकेतस्थळावरून खात्याचा उतारा फाइल म्हणून उतरवतो, ती फाइल यंत्राला देतो, आणि माझ्या नोंदींशी ताडून पाहतो. विजेचा हिशेबही सांगून टाकतो, कारण तो प्रत्येकजण विचारतो: यंत्र दहा वॅट खाते असे धरले तर वर्षाला साधारण ८८ युनिटे होतात. देवघरातली विजेची पणती आणि झोपायच्या खोलीतला विसरलेला पंखा याहून जास्त खात असतील.

स्टाफरूममध्ये ही बातमी गेली आणि माझी यथेच्छ थट्टा झाली. थट्टेतले मुद्दे मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते.

पहिला मुद्दा नेहमीचा. “सर, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय? पगार सरकारला ठाऊक, घरभाड्याचा प्रश्न नाही, काळा पैसा नाही.” नाहीच. शाळेच्या रोजमेळातही लपवण्यासारखे काही नाही, तरी तो मी चौकातल्या पानपट्टीवर ठेवत नाही. लपवणे वेगळे आणि आपल्या जागी असणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले, ते काही चोरांच्या सोयीसाठी नव्हे.

दुसरा मुद्दा अधिक वजनाचा. “बँकेला सगळं माहीतच आहे. यूपीआयवाल्याला माहीत आहे. मग घरात डबा ठेवून काय वाचवलंत?” यावर मी बरेच दिवस विचार केला, आणि उत्तर मला जुन्या शब्दांत सापडले. आपल्याकडे दोन वह्या असत. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा उतरायचा, आणि तेथून उचलून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्याखाली लावायचा. रोजकीर्दीची सुटी पाने आज अनेकांकडे आहेत हे खरे. एका बँकेकडे पगाराचे पान, दुसरीकडे गृहकर्जाचे, पतसंस्थेकडे ठेवीचे, औषधवाल्याकडे बिलाचे. पण या साऱ्या पानांची खतावणी फक्त घरात होते. आईच्या औषधांवर वर्षात किती गेले, धाकट्या भावाला दिलेले हातउसने किती परत आले, दिवाळीपूर्वी दरवर्षी हात तंग होतो तो कशाने, हे खतावणी सांगते. घर कुठे दुबळे आहे ते तिच्यात दिसते. रोजकीर्दीचे पान दहाजणांनी पाहिले तरी घर उघडे पडत नाही. खतावणी एकाने पाहिली की पडते. फुकट ॲप मागते ती खतावणी.

हे आमच्या बाजूच्या दुकानदाराला सांगावे लागले नाही. गुजरातेत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपडा-पूजन असते. लाल कापडी बांधणीच्या नव्या वह्या पाटावर मांडतात, पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहितात. अलीकडे वहीच्या जागी किंवा वहीशेजारी लॅपटॉप असतो, त्यालाही कुंकू लागते. मी त्या गृहस्थांना विचारले, हिशेब कशावर ठेवता? टॅलीवर. टॅली कुठे आहे? दुकानातल्याच संगणकावर, आणि एक प्रत घरी. मग म्हणाले, “साहेब, दुकान भाडे अपाय, चोपडो ना अपाय.” दुकान भाड्याने देता येते, वही नाही. हा मनुष्य सर्व्हर वगैरे शब्द वापरत नाही, पण १९८६ पासून चालत आलेल्या टॅलीने त्याला जे हवे होते तेच दिले: आकडेमोड यंत्राची, वही आपल्या गल्ल्यात. आपण नोकरदार मराठी माणसे मात्र व्यापाऱ्याला हसतो, त्याच्या चोपड्यावरचे कुंकू पाहून गालात हसतो, आणि आपली वही रस्त्यावर टाकून येतो. फडणीस, पोतनीस, मुजुमदार ही आडनावे आपली! फर्द लिहिणारा तो फडणीस. हिशेब लिहिण्यावरून ज्यांच्या घराण्याला नाव मिळाले त्यांच्या घरी आज हिशेबाची वही नाही.

बडोद्यात राहून ही गोष्ट कोणी विसरू नये, कारण या गावाने ती फार महागात शिकली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गायकवाडी दौलतीचा पैसा पोतेदारांच्या पेढ्यांतून फिरत असे. हरिभक्तीसारख्या सावकारी पेढ्या येणाऱ्या वसुलाच्या भरवशावर दरबारला आगाऊ रकमा देत आणि त्यावर व्याज लावत. पैसा दरबारचा, हिशेब पेढीचा. कर्ज साचत गेले. १८०२ नंतर कर्जफेडीची हमी ईस्ट इंडिया कंपनीने घेतली. त्या हमीला बहांदरी म्हणत. हमीच्या मागोमाग कंपनीचा रेसिडेंट दरबारच्या जमाखर्चात बोट घालू लागला, आणि जमाखर्चातून कारभारात. लढाई न हरता एक संस्थान दुसऱ्याच्या नजरेखाली गेले. शंभर वर्षांनी, २० जुलै १९०८ रोजी, सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली, ती या इतिहासाला ठाऊक असलेल्या राजाने केली असे मी समजतो. पेढीवाल्यांना मी वाईट म्हणत नाही. ते आपला धंदा करत होते. प्रश्न दरबारने वही कोणाकडे ठेवली हा होता.

राज्यांना हे आजही कळते. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले की भारतातल्या पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातल्याच यंत्रांवर ठेवली पाहिजे. परदेशी कंपन्यांनी कुरकुर केली, पण आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. देशाने आपली वही देशात मागितली तर तो स्वाभिमान, आणि गोत्रीतल्या मास्तराने आपली वही घरात मागितली तर ते खूळ?

कायद्याची मौज याहून मोठी आहे, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ नावाच्या संस्थांसाठी नियम केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. व्यवस्था हुशार आहे, हे मान्य करतो. मी संमती दिली की माझ्या बँकेतला उतारा कुलूपबंद होऊन थेट कर्ज देणाऱ्या कंपनीकडे जातो. मधल्या दलालाला तो वाचता येत नाही. पण हा उतारा कोणाला घेता येतो? रिझर्व्ह बँक, सेबी, विमा किंवा पेन्शन यांच्या नियामकांकडे नोंदलेल्या संस्थेलाच. म्हणजे मला कर्ज विकू पाहणारा माझा उतारा माझ्या एका अंगठ्यावर मिळवू शकतो. मी स्वतः, ज्याचा तो उतारा आहे, तो त्याच वाटेने माझ्या कपाटावरच्या यंत्रात आणू शकत नाही. मला दर महिन्याला बँकेच्या संकेतस्थळावर शिरून, तीनदा पासवर्ड देऊन, फाइल हाताने उतरवावी लागते. आणि माझ्या दोन बँकांपैकी एक अशा रूपात देते की तिच्यातले आकडे यंत्राला धड वाचता येत नाहीत.

२०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत ठेवली. माहिती दुरुस्त करून मागण्याचा, पुसून मागण्याचा हक्क या कायद्यात आहे. युरोपच्या कायद्यात आणखी एक हक्क आहे: आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात उचलून दुसरीकडे नेण्याचा. आपल्याकडे २०१९ च्या मसुद्यात तो होता. २०२३ च्या कायद्यात तो उरला नाही. सीमाभागातल्या वाचकांना तर दप्तर आपले असणे आणि दप्तर आपल्याला मिळणे यांतला फरक मी सांगायला नको. कचेरीच्या खिडकीपाशी आपल्याच नावाच्या कागदासाठी उभे राहण्याची सवय आपल्याला आहे. ती सवय मोडायची तर मागणी नेमकी करावी लागेल: प्रत्येक बँकेने, प्रत्येक पतसंस्थेने खातेदाराला त्याचा उतारा साध्या, यंत्राला वाचता येईल अशा फाइलीत, मागेल तेव्हा, विनामूल्य द्यावा. यात क्रांतिकारक काही नाही. पासबुक याहून वेगळे काय होते?

भाषेचे एक सांगायचे राहिले. ॲपने माझा खर्च ज्या खणांत टाकला ते खण माझे नव्हते. करमणूक, बाहेरचे खाणे, प्रवास, इतर. आमच्या घरच्या खर्चाचा मोठा वाटा ‘इतर’मध्ये पडे. गणपतीची वर्गणी इतर. भिशीचा हप्ता इतर. आमचे गुजराती शेजारी तिला वीशी म्हणतात, त्यांचीही इतर. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, श्राद्धाची दक्षिणा, लेकीच्या सासरी पाठवलेला दिवाळीचा फराळ, कामवाल्या बाईंना दिलेली उचल, सारे इतर. परक्याने आखलेल्या वहीत आपले आयुष्य ‘इतर’ होऊन बसते. आता माझ्या यंत्रात पडद्यावरची बटणे इंग्रजीत आहेत, पण खात्यांची नावे मी ठेवली आहेत. ‘आहेर-दिलेला’ आणि ‘आहेर-आलेला’ ही दोन खाती वेगळी आहेत, आणि लग्नसराईत त्यांची तुलना करून घरात जी चर्चा होते ती कुठल्याही रंगीत चकतीने होणार नाही. याच बडोद्यात १९३१ साली सयाजीराव महाराजांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ नावाचा कोश काढवला. कारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले. गुजराती प्रजा, मराठी दरबार, इंग्रजी सरकार. एकाच गोष्टीला तिन्हींत काय म्हणायचे हे ठरल्याशिवाय कारभार चालत नाही, हे त्यांना दिसत होते. आमचे शेजारी ‘नामुं’ म्हणतात, कर्नाटकाकडच्या वाचकांचा शेजारी ‘लेक्क’ म्हणेल, आपण हिशेब म्हणू. वही आपली असेल तर तिन्ही चालतात.

आता माझ्या बाजूच्या चुका.

पहिल्या वर्षी मी यंत्राऐवजी नखाएवढ्या मेमरी कार्डावर सगळा कारभार ठेवला होता. एका उन्हाळ्यात ते कार्ड मेले आणि दोन महिन्यांच्या नोंदी घेऊन गेले. चिरंजीव फोनवर फार काही बोलले नाहीत. “बाबा, प्रत कुठंय?” एवढेच विचारले. शाळेत प्रत्येक दाखल्याची स्थळप्रत ठेवायला लावणाऱ्या माणसाकडे उत्तर नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा नदीकाठच्या वस्तीतल्या आमच्या नातेवाइकांकडे तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते. त्यांच्या कपाटातल्या वीस-पंचवीस वर्षांच्या खर्चाच्या डायऱ्यांचा लगदा झाला. वही घरात असावी असे मी म्हणतो तेव्हा घर बुडू शकते हेही मला म्हटले पाहिजे. म्हणून आता दर रविवारी एक प्रत पेनड्राइव्हवर निघते, आणि दुसरी, कुलूपबंद केलेली, पुण्याला चिरंजीवांच्या यंत्रावर जाते.

आणि घरात असूनही वही परकी होऊ शकते. माझे आजोबा संस्थानच्या नोकरीत कारकून होते. त्यांच्या घरखर्चाच्या तीन वह्या आमच्याकडे आहेत, उत्तम स्थितीत. मोडीत लिहिलेल्या. मला आकडे लागतात, अक्षरे लागत नाहीत. कोणाला तरी दरमहा पाच रुपये जात होते, सलग नऊ वर्षे; कोणाला, ते आम्हां भावंडांपैकी एकालाही वाचता येत नाही. म्हणून मी यंत्रातला सगळा हिशेब दर दिवाळीला साध्या तक्त्याच्या फाइलीत उतरवून ठेवतो, जी कुठल्याही संगणकावर उघडेल. प्रणाली उद्या बंद पडली तरी अक्षरे मोडी होऊ नयेत. ज्यांना सर्व्हरची यातायात नको आहे त्यांनी ग्नूकॅश घ्यावे. ते एकाच संगणकावर चालते, १९९८ पासून आहे, आणि त्याची मराठी व गुजराती भाषांतरेही झाली आहेत.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र स्टाफरूममध्ये निघाला नाही. तो घरात निघाला.

यंत्र बसवल्यावर मी मोठ्या उत्साहाने सौ.ला बोलावले. तिचे वेगळे नाव, वेगळा पासवर्ड करून दिला. म्हटले, तुझाही हिशेब यात लिही, आता कोणी परका बघणार नाही. तिने पाहून घेतले आणि विचारले, “अहो, पण या डब्याची किल्ली कोणाकडे?” माझ्याकडे. “म्हणजे मी लिहिलेलं तुम्हाला दिसणार?” मी म्हणालो, मी बघणार नाही. ती म्हणाली, “त्या कंपनीनंही तेच सांगितलं असेल की.”

वाचकहो, तीस वर्षे मी वर्गात वादविवाद स्पर्धा घेत आलो आहे. असे उत्तर मी क्वचित ऐकले आहे. तिचे म्हणणे खरे होते. ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या हाती आतल्या सगळ्या वह्या. मी स्वतःला वचन देऊ शकतो, पण वचन म्हणजे कुलूप नव्हे. आपल्या घरांत बायकांनी डब्यात, उशीत, माहेरी ठेवलेल्या पैशाला आपण कौतुकाने चोरकप्पा म्हणतो. घर चालवण्याच्या पैशात स्वतःचे असे काही उरवण्याची तीच एक जागा होती आणि पुष्कळ घरांत आजही आहे. घरातला सर्व्हर या नावाखाली कर्त्या पुरुषाने सगळ्यांच्या वह्या आपल्या कपाटावर नेल्या, तर त्याने पोतेदाराची पेढी घरातच उघडली असे होईल. चिरंजीवांना विचारले. त्यांनी ॲक्च्युअल बजेट नावाच्या दुसऱ्या प्रणालीची माहिती दिली. ती आधी विकत मिळे, २०२२ पासून खुली झाली. तिच्यात एखादी वही लिहिणाऱ्याच्याच पासवर्डाने अशी कुलूपबंद करता येते की यंत्राच्या मालकालाही ती वाचता येऊ नये. मी ती बसवली, आणि सौ.ला पुन्हा बोलावले. तिने पुन्हा नीट ऐकून घेतले. मग म्हणाली की तिची वही बरी आहे. दुधाचे खाडे कालनिर्णयाच्या मागे, बाकीचे वहीत. मी आग्रह केला नाही. माझा सगळा युक्तिवाद ज्याची वही त्याच्या हाती असावी असा आहे. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबवता येत नाही.

एक गोष्ट मात्र तिने माझ्याकडून करून घेतली. सगळे पासवर्ड, यंत्र कसे चालू करायचे, प्रती कुठे आहेत, विम्याचे आणि ठेवींचे कागद कोणत्या खणात, हे सारे मराठीत, निळ्या शाईने, दोन पानांवर लिहून लिफाफा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला लावला. आमच्या एका सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर त्यांच्या घरच्यांना कुठल्या बँकेत काय आहे हे कळायला सव्वा वर्ष लागले होते. सगळे त्यांच्या फोनमध्ये होते आणि फोन त्यांच्या अंगठ्याने उघडत असे. ते पाहिल्यानंतर तिला मी काही सांगायची गरज नव्हती. लिहिताना दोनदा खोडावे लागले, कारण यंत्र कसे बंद करायचे हे मलाच नीट सांगता येईना.

या लक्ष्मीपूजनालाही पाटावर काय ठेवायचे हा प्रश्न आहेच. यंत्र उचलायचे तर वायरी काढाव्या लागतात आणि नंतर चिरंजीवांना फोन करावा लागतो. गेल्या वर्षी पेनड्राइव्ह ठेवला होता. त्यावर कुंकवाचे बोट लावताना टोपण घालायला विसरलो, म्हणून यंदा आधी टोपण. त्याच्याशेजारी आजोबांची एक मोडी वही असते. आणि सौ.ची वही, लाल कापडात गुंडाळलेली. तिला हळदकुंकू वाहायचे, फूल वाहायचे. गाठ सोडायची नाही असे मला आधीच बजावून ठेवले आहे.